सोबतच्या व्यक्तीचा व्यवसाय

माझ्या हातातला फॉर्म माझा नव्हता. नाव – रूपेश. रुग्णाशी नाते – मुलगा. व्यवसाय – दीपगृहाचा रखवालदार.

मी मान वर केली. नेरूळच्या त्या फिजिओथेरपी केंद्रात सकाळी सव्वानऊला दहा-बारा माणसं बसली होती. त्यातला एक उंच, दाढी वाढलेला माणूस माझ्याकडे बघून ओशाळं हसत होता. माझा फॉर्म त्याच्या हातात होता.

"अदलाबदल झाली," तो म्हणाला. "तुमच्या व्यवसायात नुसती रेघ हाय."

"तुमच्यात दीपगृह आहे. कुठलं?"

"ते अजून दिलं नाय त्यांनी."

मला हसू आलं... अर्धंच. फार दमलं की हसायचे स्नायूसुद्धा उशिरा हलतात.

काउंटरवरच्या सुनयनाताईंना मात्र रेघ चालत नव्हती. रुग्णाबरोबर येणाऱ्याने दर वेळी गुलाबी फॉर्म भरायचा, त्याशिवाय आत सोडत नसत. "रकाना रिकामा नको, संघप्रिया. गृहिणी लिही ना."

"लग्न झालेलं नाही, ताई."

"मग बेरोजगार."

बेरोजगार म्हणजे काम शोधणारा. मी शोधत नव्हते. पहाटे पाचला कामच मला शोधत यायचं. पप्पांची उजवी बाजू गेल्याला तीन वर्षं झाली होती. बासष्ट किलोंचा माणूस पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून रिक्षात, तुर्भ्याहून नेरूळला. मी 'इतर' लिहिलं आणि फॉर्म परत दिला.

रूपेश उलव्याहून यायचा. त्याची आई, काशीआई, अंगणात घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलेली. महाप्यातली त्याची नोकरी त्याच महिन्यात गेली होती. "घरच्या दोन खोल्या भाड्याने हायत," तो म्हणाला. "जमीनदार लिहू का? भारी वाटतं."

काशीआईंना दहा मंगळवार दिले होते. पप्पांना आकडा दिलेला नव्हता. मी मोजणारी मुलगी आहे. पहिल्याच दिवशी मी मनात वजाबाकी केली. नऊ उरले.

त्यानंतरच्या मंगळवारी तो 'पाणबुडी दुरुस्ती' होता. मग 'ढगांचा सर्व्हेअर'. कोणी वाचत नव्हतं. मी वाचत होते. आत पप्पा आणि काशीआई समोरासमोरच्या पलंगांवर पाय उचलायचे, आणि बाहेर आम्ही एका बाकावर, मध्ये दोन पिशव्या ठेवून बसायचो. तेलाचा आणि फिनेलचा वास. पंख्याची घरघर. तो बिस्किटाचा पुडा फोडून माझ्या बाजूला सरकवायचा, न बघता.

"तुमी काय करायच्या, याच्याआधी?" चौथ्या मंगळवारी त्याने विचारलं.

"औषधांच्या कंपनीत. क्वालिटी कंट्रोल. पाकिटावर जेवढं लिहिलंय तेवढंच गोळीत आहे का, ते बघायचे."

"आणि असायचं?"

"मी सही केली असेल तर असायचं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी चहात बुडवलेल्या बिस्किटाकडे बघत राहिले... ते विरघळून पडलं.

सहाव्या मंगळवारी पप्पांना आल्या आल्या शौचाला न्यावं लागलं. मी परत आले तेव्हा माझा फॉर्म भरलेला होता. त्याने भरला होता, सुरेख अक्षरात. व्यवसाय – रसायनशास्त्रज्ञ.

मी पेन घेतलं आणि तो शब्द खोडला. एकदा नाही, कागद फाटेपर्यंत.

"मी गंमत नव्हती केली," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे. तुमचं दीपगृह खोटं आहे, म्हणून गंमत आहे. माझं... खरं होतं."

त्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्याजवळ ठेवली आणि आईच्या पलंगापाशी जाऊन उभा राहिला.

पुढच्या मंगळवारी त्याच्या फॉर्मवर लिहिलं होतं – 'काही नाही'. ते मला त्याच्या अक्षरात बघवेना. त्याच्या हातातून पेन घेऊन मी ते खोडलं आणि वर लिहिलं, 'पाणबुडी दुरुस्ती, अनुभव दोन महिने'.

"सात आठवडेच झाले," तो म्हणाला. "तुमी कसं काय खोटी सही करता?"

"तुमच्या बढतीसाठी."

तो मोठ्याने हसला. आतून काशीआईंचा आवाज आला, "काय गो बाय, एवरा कनाला हसतंय यो?" उलव्याला घरावरून विमानं जायला लागल्यापासून त्या मोठ्यानेच बोलत. मधल्या पिशव्या त्या दिवशी कोणी खाली ठेवल्या, ते आठवत नाही. पण त्या खाली होत्या.

दहाव्या मंगळवारी काशीआई वॉकर न घेता व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनयनाताईंनी पेढा भरवला. मीही टाळ्या वाजवल्या. एक बाई आपल्या पायांवर चालते आहे आणि माझी वजाबाकी शून्यावर आली म्हणून मला वाईट वाटतं आहे – ही गोष्ट लाजेची होती, पण खरी होती.

रिक्षा येईपर्यंत आम्ही फाटकापाशी उभे होतो. पप्पा चाकाच्या खुर्चीत डुलक्या घेत होते. काशीआई कठड्याला टेकून पेढ्याचा दुसरा तुकडा चघळत होत्या.

"आता मला आत सोडणार नायत," रूपेश म्हणाला. "पेशंटच नाय ना."

"हो."

"म्हणून एक विचार केला." तो खुर्चीच्या मुठीवरची धूळ अंगठ्याने पुसत होता. "दर मंगळवारी मी काकांना आणतो. तुर्भ्याहून घेईन, परत सोडेन. तुमी घरी झोपा. तुमचे डोळे बघितलेत का तुमी? तीन वर्षं झोपला नाय असे डोळे हायत."

चार तास झोप. मला कोणी सोनं दिलं असतं तरी इतका मोह झाला नसता. पडदा ओढलेली खोली, कोणी हाक मारत नाही, कोणाची कूस बदलून द्यायची नाही... माझे डोळे तिथेच मिटायला लागले. होय म्हणण्यासाठी मी तोंड उघडलं.

"मग आपण भेटणार कधी?"

बोलून गेले होते. परत घेता येत नव्हतं. रूपेशचा अंगठा मुठीवर थांबला.

"बोल ना रं," काशीआई म्हणाल्या. "पोरीनं इचारलंय."

"सोडायला येईन ना, तेव्हा," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "उठवीन."

"उठवायचं नाही."

"मग... उठेपर्यंत बसेन."

पुढच्या मंगळवारी तो साडेआठला आला. पप्पांना कसं धरायचं ते मी दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा पप्पांनीच मला डाव्या हाताने जायची खूण केली. दार लागलं. मी पलंगावर पडले आणि आता काळजीने झोप लागणार नाही, असा विचार करतानाच झोपले.

जागी झाले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं होतं. दोन वाजून दहा मिनिटं. बाहेरच्या खोलीत पप्पा आपल्या खुर्चीत झोपले होते, पाठीमागे उशी नीट लावलेली. त्यांच्या पायाशी, भिंतीला टेकून, रूपेश झोपला होता. तोंड किंचित उघडं, तळहात मांडीवर उताणा. इतका दमलेला माणूस मी फक्त आरशात पाहिला होता.

मी चहा ठेवला नाही. भांड्यांचा आवाज झाला असता. त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि माझा हात त्या तळहातात ठेवला.

बराच वेळ काही झालं नाही. मग त्याची बोटं मिटली. डोळे मिटलेलेच होते.

"भेटलो काय?" त्याने पुटपुटत विचारलं.

"भेटलो," मी म्हणाले. "झोप आता."