खाटंखालची फरशी

दार लोटून घ्या आधी, थंडी आत यायलीय. अन् मधी बोलू नका कुणी. ही गोष्ट मला चंद्रभाननं सोता सांगितली, माझा हात धरून. दहा वर्सं आमी दोघांनी पाथरीला एकाच थांब्यावर जीप लावली. खोटं बोलणारा माणूस न्हाई तो.

मागल्या साली पौषातली अमावास्या. त्याची बायको शालू बाळंतपणाला चुडाव्याला, माहेरी गेलेली. घरात तो अन् त्याची माय, सुगंधाबाई. मायला लकवा मारलेला. दोन वर्सं खाटंवर, कमरंखाली जीव न्हाई. दुसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण यायची व्हती, अन् घरात आजारपणाचा वास. म्हणून चंद्रभान सांजच्याला किराणा दुकानातून खडेमीठ, तुरटी अन् चार लिंबं घेऊन आला.

शालूनं फोनवर बजावलं, "पाणी चांगलं ऊन करा. मूठभर मीठ टाका, तुरटीचा खडा फिरवा, लिंबू पिळा. अन् आतून बाहीर पुसत या. वल्यावर पाय देऊ नका, डाग पडतेत."

साडेआठला त्यानं बादली भरली. आधी मायची खोली पुसली. खाटंखाली हात पुरंना, तेवढं सोडलं. मग मधली खोली. उलटं सरकत सरकत बाहीरच्या खोलीच्या उंबऱ्यावर आला, बसला, फडकं पिळलं... अन् हात तसाच ऱ्हायला.

आत कुणीतरी फरशी पुसायलं व्हतं.

सर्र... सर्र... मग फडकं पिळल्याचं पाणी.

बादली तर ह्याच्यापाशी.

"माय?"

मायचा आवाज आला. निवांत.

"बाई, खाटंखालचं ऱ्हायलंय बघ."

चंद्रभान उठाय गेला. पाय उचलंनात. दहा पावलांवर माय. मधी वली फरशी, वर एक बल्ब. वरडावं म्हणलं तर गळ्यातून आवाज फुटंना. फडकं हातातून सुटंना.

"कुण्या गावची गं तू?" माय इचारायली.

उत्तर ऐकू आलं न्हाई. माय मात्र हसली.

सर्र... सर्र...

"उचलते की. उचलते पाय."

खाट करकरली.

"माय, नको..." एवढंच निघालं त्याच्या तोंडून. ते बी त्याचं त्यालाच ऐकू आलं असंल.

मग...

काहीच न्हाई.

तसाच बसून ऱ्हायला तो. रातभर. रडता बी येईना. पहाटंची अजान झाली, तवा कुठं पाय सुटले. पळत आत गेला. माय खाटंवर, पांघरूण गळ्यापर्यंत नीट घातलेलं. अंग गार.

डॉक्टर म्हणले, झोपेत गेल्या. वय झालेलं, कोण काय इचारतंय? शालू आली, तान्हं लेकरू मांडीवर घेऊन रडली. चंद्रभान तिला एक शबूद बोलला न्हाई. "मी तिथंच व्हतो अन् मायपर्यंत गेलो न्हाई, हे कुण्या तोंडानं सांगू?" मला म्हणला.

मी बी त्याला म्हणलो असतो, भास झाला असंल तुला. म्हणणारच व्हतो. पण मायला आंघोळ घालायला माझी बायको कमलबाई गेली व्हती. ती मधूनच बाहीर आली. तोंड उतरलेलं. म्हणली, "अहो, जरा पाय बघा म्हातारीचे."

मी बघितले.

तळवे पांढरेफटक. फुगलेले. कातडीला बारीक बारीक सुरकुत्या...

रातभर पाण्यात उभं ऱ्हायल्यावानी.