एक जूनची पत्रिका

कपाटाला कुलूप असेल, याचा विचार सरितानं केलाच नव्हता. नाशिकहून एसटीनं घोटी, तिथून दाटीवाटीच्या जीपमधून गाव, असं करत ती त्या काळ्या दगडी शाळेपर्यंत आली होती. आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, ते जाडजूड रजिस्टर काचेआड निवांत पडलं होतं.

"किल्ली हवीय का?"

तिनं वळून पाहिलं. दारात शेखर उभा होता. पुढच्या रविवारी ज्याच्याशी तिचा साखरपुडा होता, तोच शेखर. हातात झाडू, केसांत जळमटं.

"तुम्ही... इथे?"

"दर रविवारी. घर आमचं पलीकडच्याच वाडीत. गावानं जुन्या शाळेचं संग्रहालय केलं, पण उघडायला कोणी हवं ना. सहा दिवस इगतपुरीला रेल्वेची चाकरी, सातव्या दिवशी हिची." त्यानं झाडू हळूच पाठीमागे लपवला. "मला वाटलं, रविवारपर्यंत कुणाला दम निघेना."

"मी... माझी शाळा बघायला आले. पहिलीत होते मी इथं. मग मामानं नाशिकला नेलं."

"शाळा बघायला, आणि कुलपाशी खटपट?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. सरिता लालेलाल झाली. तो मात्र ते लाजणं समजला आणि खूश झाला. बायकांच्या लाजण्यातलं पुरुषांना कळतं तरी किती!

तीन आठवड्यांपूर्वी मामाच्या घरी बघण्याचा कार्यक्रम झाला होता. दोघांना गॅलरीत दहा मिनिटं दिली, तेव्हा त्यानं स्वयंपाक येतो का, असलं काही विचारलं नाही. "अंबडच्या कंपनीत दिवसभर उभं राहून पाय दुखत नाहीत?" एवढंच विचारलं. त्या प्रश्नापाशीच ती हरली होती. आजवर तिच्या पायांची चौकशी कुणी केली नव्हती.

आणि म्हणूनच जीव टांगणीला लागला होता. शेखरच्या आईचं, वत्सलाबाईंचं, पत्रिकेशिवाय पानही हलत नव्हतं. थोरली लेक संसार मोडून दोन वर्षांपूर्वी माहेरी आली, तेव्हापासून त्या जास्तच धसकल्या होत्या. त्यांनी दोन-दोन ज्योतिषी गाठले. एकोणतीस गुण जुळले. पण सरिताची पत्रिका मुळात खोटी होती. मामानं शाळेच्या दाखल्यावरची एक जून ही तारीख उचलली, सकाळचे सव्वासात ही वेळ मनानंच ठोकून दिली, आणि वर बजावलं, "कुठं बोलायचं नाय." आई तर म्हणायची, तू आवणीतली, मी भाताची रोपं लावत होते आणि कळा सुरू झाल्या. एक जूनला कसली आलीय आवणी? खरी तारीख निदान रजिस्टरात कुठंतरी असेल, या वेड्या आशेनं ती आली होती.

शेखर तिला हौसेनं सगळं दाखवत सुटला. मुलं बसायची त्या बसकरपट्ट्या, शाईच्या दौती, पावसात डोक्यावर घ्यायचं पानांचं इरलं, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. "द्या एक टोला," तो म्हणाला. तिनं दिला. टोला तिच्या छातीतच घुमल्यासारखा वाटला.

"आता रजिस्टर," ती पुटपुटली.

त्यानं कुलूप काढलं. पिवळी पानं उलटत गेली. धनराज, एक जून. पुंजा, एक जून. सोमा, एक जून. आणि मग तिचं नाव... एक जून. शेऱ्याच्या रकान्यात काही नाही.

"यातली निम्मी शाळा एकाच दिवशी जन्मली," शेखर हसून म्हणाला. "आईबापांना तारीख आठवायची नाही. गुरुजी एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये भरायची, वय बरोबर बसायचं."

तिला हसू आलं नाही. डोळे मात्र भरून आले.

"माझी पत्रिका खोटी आहे," ती म्हणाली. "ते गुणबिण... सगळं खोटं."

त्यानं रजिस्टर हळूच मिटलं. मग म्हणाला, "ठाऊक आहे."

"काय?"

"दर रविवारी हे रजिस्टर पुसतो मी. पत्रिकेवर एक जून वाचलं, तेव्हाच कळलं. गप्प बसलो. बोललो असतो तर आईनं नाही म्हटलं असतं, आणि मला... मला ते नको होतं."

"आणि मी तीन आठवडे झोपले नाही, त्याचं काय?" तिला रागही आला आणि काहीतरी गोडही वाटलं.

"मग आता झोप. कुणाला कळणार नाही."

"नाही हो." तिनं मान हलवली. "उद्या घरात कुणाला नुसता ताप आला, तरी मला वाटेल माझ्यामुळे आला. असं नाही राहता येणार मला."

शेखरचा चेहरा उतरला. "आई मोडेल हे लग्न, सरिता."

"मोडू दे," ती डोळे पुसत म्हणाली.

नेमक्या त्याच वेळी वत्सलाबाई लेकाचा डबा घेऊन आल्या. सरिताला पाहून चकित झाल्या, हसल्याही. सरितानं वाकून नमस्कार केला आणि उठता उठताच सगळं सांगून टाकलं. मामाचं नाव घेतलं नाही. वेळ मनानं ठोकलेली, तारीख शाळेची, जन्म आवणीतला कधीचा तरी. संपलं.

वत्सलाबाई पायरीवर बसल्या. बाहेर भात झोडण्याचे आवाज येत होते. शेखर खाली बघत उभा होता.

"माझ्या लेकीची येळ घड्याळात बघून लिवली व्हती," त्या अखेर बोलल्या. "तेहतीस गुण जुळले. आन् नवऱ्याची नोकरी गेली, ते त्यानं वरीसभर तिला सांगितलं नाय. रोज डबा घेऊन जायचा, कुठं जायचा देव जाणं." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "पत्रिकेत ते कुठं लिवलेलं नव्हतं, पोरी."

मग त्यांनी सरिताकडे पाहिलं.

"तू सांगितलंस. लय झालं. शेखर, कुलूप लाव. पोर जेवून जाईल." त्या उठल्या आणि मागं न बघता चालू लागल्या.

शेखर कुलूप लावत होता, पण किल्ली काही केल्या फिरेना. सरितानं त्याच्या हातावर हात ठेवला आणि किल्ली फिरवली. मग हात तिथंच राहिला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "खरी तारीख सापडली असती आणि पत्रिका जुळली नसती, तर?"

ती खाली बघत, हसू दाबत म्हणाली, "तर दुसरी करून आणली असती. मग तिसरी... जुळेपर्यंत."