धुरकट खोली

घरांचे आराखडे करणाऱ्या केतकीने संगणकाला चित्र काढायला लावलं, लहानग्या लेकीला, ठकीला खांद्यावर घेतलं आणि पेजेचं भांडं गॅसवरून उतरवून परत येईपर्यंत मगदूमांचं नवं घर पडद्यावर तयार होतं. ओट्याच्या काळ्या दगडावर उन्हाची तिरीप, फरशीवर खुर्चीची सावली, सगळं जागच्या जागी.

सहा महिन्यांपूर्वी हे सुख नव्हतं. घराचा आराखडा संगणकात उभा केला, की त्याचं खऱ्यासारखं चित्र, म्हणजे रेंडर, निघायला अख्खा दिवस जायचा. प्रकाशाचा किरण खिडकीतून येऊन भिंतीवर आपटतो, तिथून फरशीवर, फरशीवरून छताला. अशा प्रत्येक उडीचं गणित संगणक करत बसायचा, त्याचा पंखा घरघरायचा आणि त्या आवाजाने ठकी दचकून उठायची. मग दृष्टिगणक हे नवं सॉफ्टवेअर आलं. त्याची युक्ती साधी होती. जे किरण कुणाच्या डोळ्यांपर्यंत पोचणारच नाहीत, ते मोजायचेच नाहीत. गिऱ्हाइकाने आठवडाभर राहत्या घरात मापचष्मा लावायचा. नजर कुठे रेंगाळते, कुठे कधीच जात नाही, ते चष्मा टिपतो. त्यावरून नव्या घरात काय बघितलं जाईल ते दृष्टिगणक ठरवतं. तेवढंच नीट काढतं, बाकीचं धुरकट सोडून देतं.

आजवर धुरकट राहायचे ते माळे, पलंगाखालची जागा, गीझरमागची भिंत. आज एक अख्खी खोली धुरकट होती. विश्वजित मगदूमांच्या वडिलांसाठी, आप्पांसाठी, स्वयंपाकघराला लागून काढलेली.

तिने पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच. पलंगाच्या जागी करडा ढीग, खिडकीच्या जागी नुसती धूसर चौकट.

तेवढ्यात विश्वजितचाच फोन आला. चित्रं त्याच्याकडेही पोचली होती.

"मॅडम, झकास झालंय. ती मागची खोली तेवढी नाही आली."

"तिकडे फारसं कुणी बघत नाही, असं दृष्टिगणकाचं म्हणणं आहे."

"मग बरोबरच असंल की. तसंही मिसेसला सामानाला जागा कमी पडतीय. आप्पांना हॉलमध्ये दिवाण टाकू. ती खोली काढा, आणि नकाशा देऊन टाका ठेकेदाराला."

"अहो, ते फक्त वेळ वाचवतं. कुठली खोली हवी, कुठली नको, हे ते नाही सांगत."

"मग वाचला की वेळ," विश्वजित हसला.

वेग वाढला म्हणून केतकी किती खूश होती, आणि आता त्या वेगापायी एका म्हाताऱ्या माणसाची खोली जायची होती. चित्र तर तिच्याच हातून निघालं होतं.

"आप्पांनी लावला होता का चष्मा?"

"त्यांना कशाला? आम्ही दोघांनी लावला, पोरानं लावला. ते दिवसभर एका जागी बसून. त्यांचं काय मापायचं?"

"एक दिवस द्या मला. मग नकाशा देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीला पोटाशी बांधून ती विश्रामबागेतल्या त्यांच्या भाड्याच्या घरी गेली. आप्पा एकटेच होते.

"विशू न्हाई घरात," ते म्हणाले.

"तुमच्याकडेच आलेय, आप्पा."

"माझ्याकडं?" त्यांनी शर्टाची गुंडी लावली. तिने दिलेला मापचष्मा हातात घेऊन उलटसुलट केला. "ह्यातनं काय दिसतंय?"

"तुम्हाला वेगळं काही नाही. तुम्ही काय बघता, ते आम्हाला दिसतं."

"मग तुमचा दिवस वाया गेला बघा." ते ठकीकडे वाकले. "नाव काय म्हणायचं?"

"ठकी म्हणतो आम्ही."

"म्हंजी आईला ठकवत असंल, झोपत नसंल."

संध्याकाळी चष्मा परत आणला, ठकीला भरवलं, आणि मग तिने आप्पांची नजर दृष्टिगणकात घातली. वाट बघताना उगाच मनात आलं, हा चष्मा आपण लावला तर कोण स्पष्ट उमटेल? ठकी, की हा पडदा? तिने लेकीचे पेजेने माखलेले ओठ पदराने पुसले आणि तो विचार तिथेच सोडला.

मागच्या खोलीचं चित्र आलं. पलंग धुरकटच होता. कपाटही. खिडकीबाहेरचं आभाळसुद्धा. नीट उमटलं होतं ते एकटं दार. सागवानाची शीर न् शीर, कडीचं घासलेलं पितळ, उंबऱ्यापाशी फटीतून आत आलेली उजेडाची बारीक रेघ. इतकं रेखीव दार तिच्या कुठल्याच घरात आजवर उमटलं नव्हतं.

तिने विश्वजितला व्हिडिओ कॉल लावला आणि चित्र त्याच्याही पडद्यावर उघडलं.

"हे काय? नुसतं दार?"

"आप्पा एवढंच बघतात. दिवसभर."

"मोतीबिंदू आहे त्यांना," तो म्हणाला. मग आवाज उतरला. "दारात काय बघायचंय?"

त्याच्या मागे, घरात कुठेतरी, आप्पा खोकले. विश्वजितने मान वळवली, पण तो उठला नाही.

"दार उघडं करून दाखवा बरं," तो म्हणाला.

तिने नकाशात दार उघडलं. चित्र निघायला लागलं आणि मध्येच अडलं. दृष्टिगणक एरवी काही विचारत नसे. आज दोघांच्याही पडद्यावर अक्षरं उमटली :

'दारातून येणारा उजेड अडेल की नाही, हे उपलब्ध सवयींवरून ठरत नाही. दारात कुणी उभं आहे, असं धरून मोजायचं का?'

खाली दोन चौकोन. हो. नाही.

ठकीने पडद्याकडे हात नेला, तो केतकीने घाईने धरला. हे उत्तर तिने द्यायचं नव्हतं.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

विश्वजितने बोट पुढे केलं. ते पडद्याच्या अलीकडेच थांबलं.

"मॅडम," त्याने हळू आवाजात विचारलं, "हे एकदाच सांगायचं असतं, की रोज?"