कोल्हारच्या ओसरीवरचे पन्नास पाय

कोल्हारच्या बालवाडीत आधी आंघोळ, मग गाणी, असा शिक्षिका जहिराचा कायदा होता. त्या सकाळी भीमा नावाचं चार वर्षांचं कार्टं साबणाच्या फेसासकट मदतनीस राहीबाईंच्या हातातून निसटलं आणि ओसरीवरच्या कापसाच्या ढिगात थेट घुसलं. बाहेर आलं ते कोकरू होऊन.

जहिरा पंचा घेऊन मागे धावली आणि थबकली. ढिगामागून एक तरुण उठत होता. केसांत कापूस, भुवयांवर कापूस... मधोमध हसू दाबणारे काळेभोर डोळे.

"हे तुमचं हाय का, बाई?" त्यानं भीमाला दंडाला धरून पुढं केलं.

"आमचंच. आत्ताच धूत होतो."

"मग मी पिंजून दिलं. गादी भरायला बोलावलंय मला. कमरुद्दीन पिंजारी."

काम तीन दिवसांचं. पण पहिल्याच दुपारी आक्रीत घडलं. आढ्याला टांगलेली त्याची कापूस पिंजायची धनुकली, पिंजण, टुंग... टुंग... वाजायला लागली आणि जी पोरं झोपायच्या वेळी एकमेकांना चावायची, ती ओळीनं पेंगायला लागली. मग राहीबाई पेंगल्या. उन्हाच्या तिरिपेत कापसाचे धागे तरंगत होते, आवाज जणू प्रवरेच्या पल्याडनं येत होता... हजेरीवर जहिराची लेखणी कुठल्या कुठं घसरत गेली, ते तिलाही कळलं नाही.

तीन दिवसांचे तीन आठवडे झाले.

"अजून नाही झाली गादी?"

"कापूस जरा हट्टी हाय, बाई."

"कापूस?"

"आता... कापूसच म्हणा."

आणि बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचं नगरहून पत्र आलं. बालवाडीत पंचवीस पोरं दिसली नाहीत तर बालवाडी राहात्याला हलेल, बाईंसकट. पटावर सव्वीस होती, म्हणून जहिरानं ऐटीत तपासणीची तारीख कळवून टाकली. तो नेमका बाजाराचा दिवस निघाला. दोघांच्या आया पोरांना घेऊन सकाळीच बाजाराला गेल्या. उरली चोवीस.

जहिरा खांबाला टेकून बसली. "गेली बालवाडी. आता राहाता."

कमरुद्दीन पिंजणीकडे बघत म्हणाला, "बारा मैल हाय राहाता."

"तुम्हाला काय माहीत?"

"काल चालून बघितलं. जाऊन-येऊन."

जहिरा उठली आणि पोरं पुन्हा मोजायला लागली. दोनदा चुकली.

दुपारी संस्थेच्या अध्यक्ष केशरबाई आणि चिटणीस रंगनाथराव टांग्यातून उतरले तेव्हा ओसरीवर एका लांबलचक गोधडीखाली सगळं गाढ झोपलं होतं. डोकी आत, पाय बाहेर. झोपलेलं मूल उठवू नये, हा नियम संस्थेचाच. म्हणून रंगनाथराव पाय मोजत निघाले.

"अठ्ठेचाळीस... एकोणपन्नास... पन्नास. पंचवीस मुलं. उत्तम."

जहिरानं मनात हिशोब केला : चोवीस पोरांचे अठ्ठेचाळीस. दोन पाय आले कुठून? तिनं ओळीच्या टोकाला पाहिलं. भेगाळलेल्या टाचा, अंगठे बटाट्याएवढे. रडणाऱ्या भीमाला थोपटता थोपटता चोवीस मैलांच्या शिणानं पिंजारीही झोपला होता.

"हे मूल जरा थोराड वाटतं," रंगनाथराव वाकून म्हणाले. "वय काय याचं?"

एक थाप मारली की बालवाडी वाचत होती.

"चोवीसच आहेत," जहिरा म्हणाली. "ते... पिंजारी आहेत."

रंगनाथराव नव्या गादीवर टेकले आणि नियमांची वही काढली. केशरबाईंनी त्या अंगठ्याला चिमटा काढला. कमरुद्दीन दचकून उठला, समोर पाहुणे बघून गडबडला आणि सवयीनं त्याचा हात पिंजणीवर गेला. टुंग... टुंग... चुळबुळणारी पोरं पुन्हा निवली. नियम शोधता शोधता रंगनाथरावही आडवे झाले.

केशरबाई बघतच राहिल्या. "नगरात चार बायांना मिळून दहा पोरं झोपवता येत नाहीत हो." त्यांनी उरलेल्या कापसातली चिमूट उचलली, ती बोटांतून तरंगत निघून गेली. "एवढा पिंजलेला कापूस! किती दिवस चाललंय?"

"एकवीस," कमरुद्दीन जमिनीला म्हणाला.

केशरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग लाल झालेल्या जहिराकडे. वहीत त्यांनी स्वतःच लिहिलं : चोवीस हजर, दोन बाजारात, बालवाडी इथंच. "आणि चिटणिसांना उठवू नका. झोपलेल्यांना उठवायचं नाही आपल्यात."

चिटणीस आपसूक जागे होऊन टांगा गेला तोवर ऊन कलत आलं होतं. कमरुद्दीन पिंजण उतरवायला लागला. "मग... गादी झाली म्हणायची."

"उशा राहिल्यात."

"किती?"

जहिरा पोरांच्या गोधडीची घडी घालत होती. उलटीच. "अब्बा संध्याकाळी घरी असतात. या आमच्याकडे."

"उशांचं अब्बांना विचारू?"

"उशांचं मी सांगते," ती खाली बघून हसली. "बाकीचं त्यांना विचारा."