मिर्कोची जोडी

कुंभार त्सुमुरांचा फोन सकाळी साडेसातला चौकीवर आला. "चोरी नाही, फोडाफोड आहे. लगेच या!"

हवालदार निशिगाकी सायकल दामटत टेकडीवर पोचले. कार्यशाळेतल्या फळीवर नवरा-बायकोच्या चहाच्या पेल्यांची जोडी ठेवलेली होती. नवऱ्याचा मोठा पेला कुणीतरी भिंतीशी नीट सरकवला होता. बायकोच्या लहान पेल्याचा खाली चुरा झाला होता. फळीवर त्सुमुरांच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'मिर्कोची जोडी. हात लावू नये.'

"हे त्या क्योहेइचंच काम," त्सुमुरा गरजले. "अकरा वर्षं शिकवलं त्याला. आजच गाशा गुंडाळायला लावतो!"

"दुपारपर्यंत दम धरा, गुरुजी."

क्योहेइ भट्टीमागे बसला होता. चाळिशीचा गडी, पण डोळे रडून लाल झालेले.

"मिर्कोवर जळत होतास?"

"जळत होतो साहेब, खोटं कशाला बोलू? सर्बियाहून तीन महिन्यांसाठी शिकायला आला, गेल्या आठवड्यात परत गेलासुद्धा, पण तेवढ्यात गुरुजी मला विसरले. दाढीला माती फासून हा हसणार, गुरुजी कौतुकानं बघणार!"

"म्हणून फोडलास?"

"मी फोडले असते तर दोन्ही फोडले असते."

फुमिएवहिनी, म्हणजे त्सुमुरांची बायको, स्वयंपाकघरात मुळा किसत होत्या. बहिणीच्या आजारपणामुळे पानगळीचे तीन महिने त्या नागासाकीला होत्या, परवाच परतल्या होत्या.

"वहिनी, काही आवाज ऐकलात?"

"नाही बाई."

"संशय कुणावर?"

"क्योहेइ असेल. आणि एका पेल्याचा एवढा गाजावाजा कशाला? म्हणावं तिला, घे दुसरा करून. हात फार सुरेख आहे ना बाईसाहेबांचा!"

निशिगाकींनी टोपी काढली आणि बराच वेळ मुळ्याकडे बघत राहिले.

दुपारी त्यांनी तिघांना फळीपुढे बसवलं.

"क्योहेइचा राग मिर्कोच्या हातावर, आणि दोन्ही पेले त्याच हातचे. त्यानं मोठा पेला जपला नसता. फोडणाऱ्याला नवऱ्याचा पेला प्यारा होता आणि लहान पेला मिर्कोचा वाटला. म्हणजे मिर्को बाई आहे असं वाटणारं माणूस. गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात मिर्कोला आम्ही सगळ्या बाप्यांनी पाहिलंय. पाहिलं नाही ते फक्त तुम्ही, वहिनी."

"बाप्या?" फुमिए पांढऱ्याफटक पडल्या.

"आपल्याकडे नावाच्या शेवटी 'को' आला की बाई. माझी आई सेत्सुको, बहीण अत्सुको. सर्बियात मिर्को हे पुरुषाचं नाव आहे. शांततेवरून ठेवतात."

"कसली शांतता!" फुमिएंचा बांध फुटला. "तीन महिने फोनवर मिर्कोचा हात असा, मिर्कोची भट्टी तशी! मला तीस वर्षांत एक जोडी केली नाहीत, आणि तिच्याबरोबर... हो, मीच फोडला!"

त्सुमुरा खाली मान घालून बसले होते.

"मिर्कोही हेच म्हणाला," ते पुटपुटले. "म्हणाला, गुरुजी, तुमच्या घरात जोडी नाही? जाताना त्यानं आपल्यासाठीच केली. रविवारी, लग्नाच्या वाढदिवशी द्यायची होती."

"म्हणजे लहान पेला..."

"तुझा."

फुमिएंनी चुऱ्याकडे पाहिलं. मग क्योहेइपुढे वळून त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं. "मला माफ कर."

"मलाही," त्सुमुरा म्हणाले. "ऊठ क्योहेइ, माती मळ."

ते चाकावर बसले आणि बायकोकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. "हात दे इकडे. किती मोठा पेला लागतो तुला, मी कधी मापलंच नाही."