बारकीची हेल्मेटं

शर्यतीला दोन तास उरले असताना बारकीची दोन्ही हेल्मेटं खोलीतून नाहीशी झाली.

तपासणी अधिकारी बाई गॅरेजमागच्या त्या अरुंद खोलीत आल्या तेव्हा बारकी रेसिंग सूट घालून बाकावर बसून होती. बाईंनी बावीस वर्षं गाड्या आणि चालकांचं साहित्य तपासलं होतं. मान्यतेच्या शिक्क्याचं हेल्मेट नसेल तर ट्रॅकवर सोडता येत नाही, आणि बारकीच्या मापाचं हेल्मेट आवारात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. आज जिंकली तर तिला वरच्या श्रेणीत जागा मिळणार होती. नवव्या वर्षापासून ती या दिवसाच्या मागे होती.

"शेवटची कधी पाहिलीस?"

"पावणेआठला. मीच काचा पुसून ठेवल्या. सव्वाआठला परत आले तर नव्हती."

"खोलीची किल्ली?"

"गॅरेजात खिळ्याला असते. कुणीही घेऊ शकतं."

बूट, सुटे हातमोजे, मानेचा पट्टा, सगळं जागच्या जागी होतं. हेल्मेटांसोबत त्यांच्या मऊ कापडी पिशव्या तेवढ्या गेल्या होत्या.

सगळ्यांची बोटं राखीव चालकाकडे वळली. बारकी उतरली नाही तर गाडी त्याचीच. शिवाय साडेसातला तो खोलीपाशी दिसला होता. त्याने ते नाकारलंही नाही. माझे राहिलेले हातमोजे घ्यायला गेलो होतो, म्हणाला.

"त्यानंतर?"

"त्यानंतर वजन करायला. साडेआठपर्यंत तुमच्यासमोरच होतो की, बाई."

ते खरं होतं. पावणेआठच्या आधीच तो बाईंसमोर काट्याच्या रांगेत लागला होता.

गॅरेजात मामा खाली मान घालून काम करत होता. तो बारकीचा सख्खा मामा आणि तिच्या गाडीचा मेकॅनिक. आई गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं होतं. चालकाला ट्रॅकच्या कडेने दाखवायच्या फलकावर तो नवे आकडे चिकटवत होता. जुन्या आकड्यांच्या दुप्पट मोठे.

"एवढे मोठे कशाला?" बाईंनी विचारलं.

"लांबून बरे दिसतात." त्याने वर पाहिलं नाही. सकाळपासून आपण गाडीजवळून हललो नाही, असंही त्याने सांगितलं.

बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. यंत्र चोख होतं. पण डाव्या अंगाला भिंतीचा पांढरा रंग घासला होता, आणि डावा आरसा नेहमीपेक्षा बराच बाहेर वळवलेला होता.

त्यांना कालची सभा आठवली. शाळेतल्या मुलींनी बारकीला प्रश्न विचारले होते. सुरुवात कितव्या वर्षी करायची? सात-आठव्या वर्षी गो-कार्टपासून, पण उशीर झाला म्हणून अडत नाही. इंजिनिअर व्हावं लागतं का? नाही, पण गाडीला काय दुखतंय ते मेकॅनिकला सांगता आलं पाहिजे. भीती वाटते? वाटते, आणि ज्यांना वाटत नाही त्यांच्यापासून मी लांब राहते. मुली हसल्या. मग एकीने विचारलं, डोळे अधू असतील तर? चष्मा चालतो, एवढं म्हणून बारकी अडखळली. शेजारी उभा असलेला मामा निघून गेला होता.

गाडीपासून लांब न जाता काही लपवायचं तर जागा एकच होती; बाई गॅरेजमागच्या अंगणात गेल्या. वापरलेल्या टायरांची चळत तिथे होती. त्यांनी आत हात घातला. दोन्ही हेल्मेटं पिशव्यांत, वर जुना स्वेटर गुंडाळलेली.

बारकी धावत आली, हात पुढे केले. अजून चाळीस मिनिटं होती. बाईंनी हेल्मेटं दिली नाहीत.

"वाईट चिंतणाऱ्याने ही फोडली असती," त्या म्हणाल्या. "किंवा गाडीत काही बिघाड केला असता. ज्याने नेली त्याने हेल्मेटं आणि गाडी, दोन्ही जपली. त्याला फक्त तू आज गाडीत बसायला नको होतीस. गाडी घासली ती डावीकडून. आरसा वळवला तो डावाच. फलकावरचे आकडे मोठे झाले. दीड महिन्यापूर्वी सरावात तुझी गाडी उलटली, आणि तुझा फिटनेसचा दाखला त्याआधीचा आहे. उजवा डोळा झाक आणि तो फलक वाच."

मामा फलक घेऊन दारात उभा होता. बारकीने डोळ्यावर हात नेला नाही.

"मीच घेतली," मामा म्हणाला. "कुणाला सांगायचं नाही म्हणून हिने स्वतःची शपथ घातली होती. माझं तोंड बांधलं होतं, हात नव्हते बांधले."

"ही एकच शर्यत होती, मामा."

"आणि तुझ्या डावीकडून कुणी आलं असतं तर?"



ट्रॅकवरच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला होता. ताबडतोब शस्त्रक्रिया केली तर काही दृष्टी वाचेल. आणखी एक धक्का बसला असता तर तीही नाही. बाईंनी अहवालात दोघांचीही चूक लिहिली. मामाला हंगामभर गॅरेज बंद, बारकीचा परवाना नव्या तपासणीपर्यंत स्थगित. 

बारकीने राखीव चालकाला तिसऱ्या वळणावर गाडी कशी ओढते ते समजावलं, आणि ती रुग्णवाहिकेत जाऊन बसली. मागे इंजिनं सुरू झाली. मामा बाहेरच उभा होता, चढावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण बाकावर सरकून जागा केली.