डावीकडची जागा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलेली. आधीच सांगून ठेवते, यात मध्यरात्र नाही की अमावस्या नाही. जे झालं ते भर दुपारी, एक ते दोनच्या सुट्टीत, लाँचच्या धक्क्यावर.

ताई तेव्हा चोवीस वर्षांची. धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत बसायची. दिवसभर तिकिटं फाडायची आणि "सुट्टे द्या" म्हणायची. त्या खिडकीचा तिला मनस्वी कंटाळा होता.

तिला शाळेत चित्रकलेच्या बाई व्हायचं होतं.

त्या काळी टपालाने चित्रकला शिकवणारा बारा धड्यांचा एक अभ्यासक्रम होता. आपण चित्र पाठवायचं, परीक्षकांनी तपासून परत करायचं. परीक्षक चित्राला कधी हात लावत नसत. वर पातळ ट्रेसिंग पेपर टाचायचे आणि त्यावर लाल पेन्सिलीने चुका दाखवायचे. तो कागद उचलला की खाली आपलं चित्र जसंच्या तसं.

अकरा धडे ताईने हसत हसत पार केले. बारावा समुद्राचा. तिथे गाडं अडलं.

नेमकी तेव्हाच शाळेत जागा निघाली. प्रमाणपत्र सहा महिन्यांच्या आत हवं होतं. नाहीतर ती होती आणि तिची खिडकी होती.

सुट्टीत ताई तिकीटघराच्या माडीवर जायची. दोरखंड आणि जुने पंखे ठेवायची खोली होती ती. तिथल्या खिडकीतून धक्का दिसायचा. लाकडी फळ्या, ओळीने लांब पाण्यात गेलेले सात खांब, पलीकडे समुद्र.

पहिलं चित्र परत आलं. "क्षितिज बरोबर मधोमध. चित्राचे दोन तुकडे झाले."

ताईने क्षितिज वर नेलं.

दुसरं परत आलं. "होडी मध्यभागी. नजर तिथेच अडकते, फिरत नाही."

ताईने होडी उजवीकडे नेली.

तिसऱ्या वेळी लिहून आलं, "आता बरं आहे. फक्त लांबच्या, शेवटच्या खांबाजवळचा माणूस नको."

ताई चित्र हातात धरून नुसती बघत बसली.

"कोणता माणूस?"

चित्रात माणूस नव्हताच.

आईने पाहिलं. बाबांनी चष्मा लावून पाहिलं. मी पाहिलं. पाणी, फळ्या, सात खांब, एक होडी. बस.

पण ट्रेसिंग पेपरवर, शेवटच्या खांबापाशी, लाल रेषेत कोणीतरी उभं होतं. बोटाच्या पेराएवढं. डोकं, खांदे, मागे बांधलेले हात.

ताईने कागद हळूच उचलला...

खाली फक्त पाणी.

"त्यांना मोतीबिंदू झाला असणार," बाबा म्हणाले. "पुढच्या चित्राबरोबर माझा जुना चष्मा पाठवून दे."

आम्ही सगळे हसलो. ताईसुद्धा.

चौथं चित्र तिने कोऱ्या कागदावर, अगदी जपून काढलं. ते परत आलं.

"माणूस नको म्हटलं होतं. तुम्ही तर त्याला पुढे आणलात."

लाल रेषा आता चौथ्या खांबाशी होती. आकाराने दुप्पट.

या वेळी कोणी हसलं नाही.

ताई भयंकर चिडली. "मी काढलेलाच नाही तो! यांना येड लागलंय आणि नोकरी माझी जातेय!" तिने तसं पत्र लिहिलं, जरा सभ्य शब्दांत. उत्तर एका ओळीचं आलं. "चित्रात जे दिसतं त्याची जबाबदारी चित्रकाराची. सबबी नकोत."

पाचवं चित्र ती काढत होती तेव्हाची गोष्ट. दुपारचा दीड. वारा पडलेला. धक्क्याचं फाटक बंद, किल्ली ताईच्या पर्समध्ये.

खाली फळीवर आवाज झाला.

टक...

मग थोड्या वेळाने पुन्हा... टक.

कोणीतरी सावकाश, एकेका फळीवर पाय देत येत होतं. ताईने खिडकीतून मान बाहेर काढली. धक्का मोकळा. उन्हात फळ्या चमकत होत्या.

आवाज मात्र येतच राहिला. बरोबर खिडकीखाली आला... आणि थांबला.

ताई आधीच वैतागलेली. ती जोरात ओरडली, "पुढची लाँच अडीचला! तिकीट दोननंतर मिळेल!"

कोणी परत गेलं नाही. दोनला फाटक उघडेपर्यंत फळीचा पुन्हा आवाज झाला नाही, असं ताई सांगायची.

पाचवं चित्र परत आलं तेव्हा लाल आकृती पहिल्या खांबाशी होती. तळहाताएवढी. तोंड रेखाटलेलं नव्हतं. शेजारी लिहिलं होतं, "हा चित्रातून बाहेर बघतो आहे. नजर त्याच्यावरून हलत नाही. एक तर त्याला नीट जागा द्या, नाहीतर चित्र बाद."

मुदत संपायला बारा दिवस उरले होते.

ताई जेवली नाही. भीतीने नव्हे, रागाने रडली. पाच महिने झाले होते. क्षितिज जमलं होतं, होडी जमली होती, पाण्यावरची चमकसुद्धा जमली होती. आणि जे तिने केलंच नव्हतं तेवढं तिला सुधारता येत नव्हतं.

"जागा हवी ना त्याला?" डोळे पुसत ती म्हणाली. "देते जागा."

दुसऱ्या दिवशी, सुट्टीत, तिने नवं चित्र रंगवलं. पहिल्या खांबाशी, त्याच्या डावीकडे, त्या लाल रेषेच्या मापाचा माणूस काढला. राखाडी सदरा, हात मागे बांधलेले. तोंड समुद्राकडे, पाठ आपल्याकडे. टपालात टाकण्याआधी आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. मी अगदी जवळून पाहिला.

नवव्या दिवशी पाकीट आलं. ट्रेसिंग पेपर कोरा होता. कोपऱ्यात फक्त दोन ओळी.

"अखेर माणूस गेला. रचना उत्तम. उत्तीर्ण."

बाबा हसायला लागले आणि मध्येच थांबले.

माणूस तर समोर होता. राखाडी सदऱ्यातला. पहिल्या खांबाशी.

"त्यांच्या नजरेतून गेला," आई हळूच म्हणाली, "मग आता कोणाकडे आलाय?"

ताईने चित्र उलटं करून ठेवलं.

ताईला नोकरी मिळाली. बत्तीस वर्षं तिने मुलांना मडकी, पानं, ठोकळे काढायला शिकवलं. समुद्र कधीच शिकवला नाही. स्वतःही पुन्हा काढला नाही.

शिक्षकांचे दरवर्षीचे फोटो माझ्याकडे आहेत. सगळे खांद्याला खांदा लावून उभे. ताईच्या डावीकडे मात्र एका माणसाची जागा मोकळी. दर वर्षी. फोटोग्राफर म्हणायचा, "बाई, जरा सरका, मध्ये भगदाड दिसतंय." इतर शिक्षिका चिडवायच्या, "कोणासाठी जागा धरलीय हो?"

ताई हसायची नाही. एवढंच म्हणायची, "सरकायला जागा नाही."

आम्हाला वाटायचं, स्वभावच तिरसट झालाय.

गेल्या वर्षी ताई गेली. तिचं सामान आवरताना ते चित्र माझ्या हाती आलं. पाणी तसंच, खांब तसेच, होडी तशीच.

पहिल्या खांबाशी... कोणी नव्हतं.

तिथे माणसाच्या आकाराचा पांढरा कागद होता. मी चित्र चौकटीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने भिंग लावून पाहिलं. "आजी, रंग उडालेला नाही. इथे कधी रंग लागलेलाच नाही. मुळातच जागा सोडलीय."

मी त्याच्याशी वाद घातला. राखाडी सदरा होता, मी स्वतः पाहिलाय, म्हटलं. तो समजुतीने मान हलवत राहिला. म्हाताऱ्या माणसांपुढे हलवतात तशी.

गेल्या महिन्यात घरी सगळे जमले होते. नात फोन घेऊन समोर उभी राहिली.

"आजी, डावीकडे सरक ना! सोफ्यावर केवढी जागा सोडलीयस!"

मी सरकायला गेले.

शेजारची गादी खाली दबलेली होती...

"सरकायला जागा नाही गं," मी म्हणाले.